ओट्याजवळचा उजेड

३ जानेवारी, शुक्रवार

पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. माझा अर्धा चेहरा अंधारात, अर्धा उजेडात, आणि खाली लाल अक्षरांत ‘उजेडाचा गुन्हेगार’. हे नाव माझं नाही, पुण्याच्या प्रकाशकांनी ठेवलंय. आयुष्य माझं, शिव्या खाल्ल्या त्या मी, आणि बारसं मात्र त्यांनी केलं. मागच्या बाजूला ओळख छापलीय: ‘रायपूरचे वादग्रस्त माहितीपटकार श्रीपाद दिग्रसकर’. मी खाणींवर फिल्म केली, वीटभट्ट्यांवर केली, महानदीच्या वाळूवर केली. लोकांना आठवते ती एकच, आणि ती माझ्या आईवरची.

‘रिकामा करंडा’. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी शूट केली. बाहेरच्या खोलीत कॉलनीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू, उखाणे, हसणं. शेजारच्या आनंदीकाकूचा कुंकू लावायला पुढे झालेला हात. आणि आत स्वयंपाकघरात, ओट्याजवळ, माझी विधवा आई एकटी तिळाचे लाडू वळत बसलेली. शॉट संपता संपता ती खिडकीकडे बघते. बस्स, एवढंच. त्या नजरेवर दिल्लीत अख्खं सभागृह उभं राहिलं होतं, आणि इथल्या आमच्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. खाई त्याला खवखवे.

प्रकाशन रथसप्तमीला, इथल्याच मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. कल्पना गंधालीची. गंधाली म्हणजे प्रकाशकांकडची संपादक, वयानं लहान पण डोक्यानं तल्लख. म्हणाली, “सर, ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्याच दारात करूया. आणि स्टेजवर तुमच्या हातानं आईंना कुंकू. तो फोटो सगळीकडे जाईल.” मंडळ हॉल देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. नकार आला की वर्तमानपत्रांना काय सांगायचं, ते आजच लिहून ठेवलं. छान उतरलंय.

६ जानेवारी, सोमवार

हॉल दिला!

मंडळाचा अध्यक्ष सध्या रामकृष्ण आहे, आनंदीकाकूचा मुलगा. ज्या बाईचा हात मी साऱ्या देशाला दाखवला, तिच्याच पोटचा. आईच्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. तो संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी सतरंज्या झटकून घेत होता.

“घ्या ना दादा, रथसप्तमीले हॉल खालीच आहे,” म्हणाला. “फक्त माइक आमचाच वापरजा. बाहेरचा लावला का फ्यूज उडून राहिला.”

“पुस्तकात तुझ्या आईबद्दल आहे,” मी म्हटलं.

“असंन. ती काही वाचत नाही आता. पडूनच राहते.”

“तुझी हरकत नाही?”

“हरकत काहून राहीन? पुरानी गोष्ट झाली. चाय घेता?”

पुरानी गोष्ट! मी ज्याच्यासाठी आपली माणसं गमावली ती याच्या लेखी पुरानी गोष्ट, आणि फ्यूज मात्र आजचा प्रश्न. विरोध करायलासुद्धा दम लागतो. तोही या लोकांत उरलेला नाही. लिहून ठेवलेलं निवेदन फाडून टाकलं. चहा घेतला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आईकडे गेलो होतो. ती माझ्या धाकट्या बहिणीजवळ, विजयाजवळ, त्याच जुन्या घरात राहते. म्हटलं, छापायला जायच्या आधी करंड्याचं प्रकरण तिला वाचून दाखवावं. सगळ्या पुस्तकात तेच सर्वांत जमलंय. आई मटार सोलत ऐकत होती. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ती सोलत राहिली.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. कसं वाटलं?”

“चांगलं लिहिलं. पण त्या दिवशी मी आतमधी नव्हती बसली, श्रीपाद. मी बाहेर होती, आनंदीच्या बाजूले. तू आला अन् म्हटलं, आई, जरा ओट्यापाशी बैस, तिथं उजेड चांगला येऊन राहिला. म्हणून बसली.”

घ्या! इतक्या वर्षांनी हे. मी शांतपणे समजावलं, म्हणजे सुरुवात तरी शांतपणे केली. बाबा गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला ती खरंच आत बसली होती की नव्हती? बसली होती. मी दारातून पाहिलं होतं. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. कॅमेरा हातात आला तेव्हा तीच गोष्ट मी पुन्हा मांडली. याला आमच्या कामात मांडणी म्हणतात, खोटं म्हणत नाहीत. खिडकीचा उजेड त्या वेळी ओट्यावरच पडत होता, त्याला मी काय करणार? तिची जांभळी साडी त्या उजेडात नुसती काळी दिसत होती, म्हणून फिकट नेसायला लावली. सगळेच करतात.

“अन् त्याच्या पुढच्या वर्षी?” आई म्हणाली. “आनंदी आतमधी आली, माझा हात धरला, मले बाहेर नेलं अन् सगळ्यांसमोर कुंकू लावलं. बाकीच्या बायका पाहतच राहिल्या. तेव्हापासून दरवर्षी मी बाहेरच बसत होती. ते नाही आलं तुझ्या पुस्तकात.”

“ते मी पाहिलं नव्हतं.”

“अन् फिल्ममधी तिचा हात दाखवला तू. तो हात माझ्याच कपाळाकडे येऊन राहिला होता रे.”

हो, येत होता. मग? हात बोलका होता, तेवढा ठेवला. पुढचं कापलं. पुढचं ठेवलं असतं तर फिल्म उभी कशावर राहिली असती?

विजयाला मध्ये तोंड घातल्याशिवाय करमत नाही. “दादा, आई एवढंच म्हणून राहिली का एक वाक्य टाक. मी तिला तिथं बसवलं, असं. बस.”

एक वाक्य म्हणे. घर तसंच राहू दे, फक्त मधला खांब तेवढा काढ, असं सांगण्यासारखं आहे हे. मटार तिथंच टाकून निघालो. म्हणजे ते मी सोलत नव्हतोच.

१० जानेवारी, शुक्रवार

डोकं अजून तापलेलंच. आईला हे आपणहून सुचणं शक्य नाही. विजयानं कान भरलेत. मी दिल्ली-मुंबई करत होतो तेव्हा ही बँकेत नोकरी करून आईपाशी राहिली, ते ती मला जन्मभर ऐकवणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी गोल बाजारातून हलवा आणि तिळगूळ घेतला. पंडरीच्या कापडबाजारातून आईसाठी साडी आधीच आणली होती, फिकट, मोतिया रंगाची. स्टेजवर त्या साडीवर कुंकू उठून दिसेल. मी मनात काही ठेवणारा माणूस नाही. सण आहे, म्हटलं मिटवून टाकू.

संध्याकाळपर्यंत बसलो तिथं. हळदीकुंकवाला एक बाई फिरकली नाही. आईनं करंडा घासून लख्ख केला होता, तो तसाच टेबलावर. मी विजयाला म्हटलं, “बघ. माझ्या फिल्मच्या पुढच्या वर्षापासून आईला कोणी बोलावलं नाही, कोणी आलं नाही. मी दाखवलं ते खोटं होतं, तर मग हे काय आहे?”

विजयानं करंडा उचलून आत ठेवला. मग म्हणाली, “दादा, तुला खरंच समजत नाही का?”

काय समजायचंय? बायका घाबरल्या. कोणाच्या घरी जावं आणि कोणत्या फिल्ममध्ये दिसावं, असं झालं त्यांना. खुद्द आनंदीकाकूनंच आपल्या घरचं हळदीकुंकू बंद केलं. पुढे तिचा नवरा गेला, तेव्हा तिला हाताला धरून बाहेर न्यायला कोणी उरलं नव्हतं. मी पुस्तकात याला काळाचा न्याय म्हटलंय. वाक्य जरा कडक आहे, पण गंधालीला फार आवडलं.

आईनं ते वाक्य कुठून ऐकलं कोण जाणे. मला समोर बसवलं आणि म्हणाली, “फिल्म आल्यावर आनंदी भिंतीपाशी आली होती. म्हणाली, रमा, तुले आतमधी कोणं बसवलं होतं ते सांग. मी चूप राहिली.”

“का चूप राहिलीस?”

“काय सांगू? माझ्या पोट्ट्यानं बसवलं म्हणू? पेपरात तुझा फोटो आला होता. दोन पैशाची ओळख नव्हती तुझी, ती नुकती झाली होती. मी चूप राहिली. तिले वाटलं, मीच नाटक केलं तिले बदनाम करायले. मग ती भिंतीपाशी आली नाही. मीही गेली नाही.”

“मग आता जा आणि सांगून टाक. तुला कोणी अडवलंय?”

“आई आपल्या पोट्ट्याले खोटं पाडते का कधी? तू सांग. तुझ्या पुस्तकात सांग, म्हणजे मी ते घेऊन तिच्याकडे जाईन. तिचं आता काही खरं नाही, श्रीपाद. तिची सून सांगून राहिली होती, खाणं सुटलं म्हणून.”

मी घड्याळ बघितलं. मग तिनं ते काढलं. कशाला काढलं?

“अन् कुंकू. त्या दिवशी आनंदीनं लावलेलं कुंकू तू मले पुसायले लावलं. तुझे बाबा गेले तेव्हा बायकांनी पुसलं होतं. दुसऱ्यांदा तू पुसवलं.”

“आई, कपाळावर कुंकू ठेवून विधवेचा शॉट कसा घेणार?” मी म्हटलं. इतकी साधी गोष्ट. फिल्मवाल्याची आई होऊन इतक्या वर्षांत हे कळू नये?

ती उठून आत गेली. साडीची पिशवी तिनं उघडलीसुद्धा नाही. रस्ताभर मी स्वतःशीच भांडत होतो. सिग्नलला एक स्कूटरवाला माझ्याकडे बघायला लागला, त्यालाही दोन शब्द सुनावले.

१७ जानेवारी, शुक्रवार

शेवटचं प्रूफ आज परत पाठवायचं होतं. गंधालीला फोन केला. सहज विचारतोय अशा आवाजात म्हटलं, “करंड्याच्या प्रकरणात शॉट कसा घेतला याबद्दल एखादी ओळ घालावी का? मांडणीबद्दल?”

“मांडणी म्हणजे काय, सर?”

“म्हणजे आईला कुठं बसवलं वगैरे.”

तिकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “म्हणजे त्या आधी कुठं बसल्या होत्या?”

“तसं नव्हे,” मी म्हटलं. “तो मुद्दाच नाही.”

“नाही सर, मी आपलं विचारलं. तुम्हाला घालायची असेल तर आज रात्रीपर्यंत घालता येईल. मी थांबते.”

थांबते म्हणे. मी काय तिची परवानगी मागत होतो? प्रूफ होतं तसं पाठवलं. एका बाईच्या मनाच्या समाधानासाठी हजारो बायकांची गोष्ट कापायची का, हा प्रश्न आहे. उत्तर स्वच्छ आहे. मग आज जेवण का गेलं नाही, कळत नाही. पित्त असेल.

२२ जानेवारी, बुधवार

हिंदी पेपरात मुलाखत आली. मथळा जोरदार: ‘जिस समाज ने माँ को रसोई में बिठाया’. मुलाखत घेणारी पोरगी कौमुदी नावाची, घरची मराठी. माझं मराठी सगळं समजत होतं, पण बोलत होती हिंदीत. शेवटी म्हणाली, “सर, एक बार माताजी से बात हो जाती तो अच्छा रहता.” मी म्हटलं, आईचं वय झालंय, तिला आता काही नीट आठवत नाही. हे म्हणायला नको होतं कदाचित. पण छापून आलं.

मला वाटलं होतं, फोनवर फोन येतील. शिव्या येतील, धमक्या येतील. दिवसभरात एक फोन आला. कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या कुठं लावायच्या, ते विचारायला.

संध्याकाळी विजयाचा. “आईनं पेपर वाचला. चष्मा मागून घेतला अन् पूर्ण वाचला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मले सगळं आठवते म्हणून सांग त्याले. अन् पेपर रद्दीत टाकला.”

अशी घरची माणसं असताना बाहेरच्या शत्रूंची गरज नाही. तसे बाहेरचे शत्रूही आता भेटेनासे झालेत.

३० जानेवारी, गुरुवार

पुस्तकं आली. नव्या कागदाचा वास घेतला की माझा राग दहा मिनिटं तरी उतरतो. पहिली प्रत घेऊन आईकडे गेलो. तिनं हात पुसून पुस्तक घेतलं, माझ्या फोटोवरून बोट फिरवलं, आणि विजयाकडे दिलं. “पाहा बरं, आहे का त्यात.”

विजयानं प्रकरण काढलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि मान हलवली. नाही.

“बरं,” आई म्हणाली.

बस, एवढंच. बरं! भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे पंचवीस उत्तरं आहेत. बरं म्हटल्यावर माणसानं काय करायचं? मी म्हटलं, रथसप्तमीला गाडी पाठवतो, ती मोतिया साडी नेस. तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पुस्तक मात्र उशीपाशी ठेवून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

पेन दोनदा आपटलं. रागानं. तरी क्रमानं लिहितो.

कार्यक्रम सकाळी अकराला. आईला आणायला पाठवलेली गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हर छत्तीसगडीत म्हणाला, “दाई कहिस, आज टेम नइ हे.” आईला म्हणे टाइम नाही! पोटच्या मुलाच्या पुस्तकासाठी टाइम नाही. विजयाचा फोन बंद.

गंधाली पुण्याहून आलेली होती. तिनं पटकन स्टेजवर माझ्याशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर करंडा. मी रागातही कबूल करतो, चित्र जबरदस्त होतं. हॉल गच्च भरला. मंडळाचा माइकही चांगला निघाला. मी करंड्याचं प्रकरण वाचलं आणि आई खिडकीकडे बघते, त्या वाक्यावर थांबलो.

लोक उभे राहिले. चौबे कॉलनीचे लोक! ज्यांनी उठून मला जाब विचारायचा, ते उभं राहून टाळ्या वाजवत होते. नंतर एक म्हातारी बाई जवळ आली. फिल्ममध्ये ती आहे, उखाणा घेताना. पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आमचं चुकलंच, भाऊ. तुमच्या आईले आम्ही आतमधी बसू दिलं. मले इतके दिवस आठवत होतं का त्या बाहेरच होत्या, माझ्या समोर. पण फिल्ममधी आत दिसतात, म्हणजे आतच असतीन. माणसाले काय आठवते!”

“असू द्या, काकू,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या माफीची मी इतकी वर्षं वाट बघितली, ती हीच की नाही? मग त्या टाळ्या ऐकून मला एवढा संताप का आला, ते सांगता येत नाही. वाटत होतं, एकानं तरी उठावं आणि म्हणावं, साफ खोटं आहे हे. मग मी त्याला गप्प केलं असतं.

कार्यक्रम संपल्याबरोबर तडक आईच्या घरी. गंधाली सोबत होती, तिला आईसोबत फोटो हवा होता. दार सताड उघडं, घरात कोणी नाही. भिंतीपलीकडून, रामकृष्णाच्या घरातून, बायकांचे आवाज येत होते. त्यांच्या दारातच विजया भेटली.

“आईनं तोंड उघडलं ना शेवटी?” मी म्हटलं.

“आई एक शब्द बोलली नाही, दादा. तुझं पुस्तक घेऊन आली अन् काकूपाशी बसली. अपर्णाला म्हटलं, हे वाचून दाखव.” अपर्णा म्हणजे रामकृष्णाची बायको. “तिनं पूर्ण प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर काकू म्हणाली, काय ग रमा, इथंही नाही सांगितलं का पोट्ट्यानं? मले तर तेव्हाच समजलं होतं तुले कोणं बसवलं ते. तू सांगशील म्हणून थांबली होती मी.”

“मग?”

“मग काय, दोघी हसायला लागल्या. अजून हसूनच राहिल्या.”

मी आत गेलो. काकूचा पलंग खिडकीला लावलेला. उशांना टेकवून बसवलं होतं तिला. अगदी चिमणीएवढी झालीय. पंडरीहून आणलेली माझी मोतिया साडी तिच्या पायांवर पांघरलेली. आणि पलंगाच्या कडेला आई, जांभळी साडी नेसून. कपाळावर कुंकू, भलं मोठं आणि वाकडं, कारण काकूचा हात थरथरतो. काकूच्या कपाळावर तसंच एक. खाली चटईवर अपर्णा आणि चार-पाच बायका. आई तोंडाला पदर न लावता खदखदून हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं एकदाही टिपलेलं नाही. खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर येत होतं.

माझा हात खिशात कधी गेला आणि फोन कधी वर आला, मला कळलं नाही. सवय आहे ती. गवंड्याचा हात थापीकडे जातो, तसा माझा जातो.

हसणं थांबलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. एकीनं पदर चेहऱ्यापुढे ओढला. आई पलंगाचा दांडा धरून हळूहळू उभी राहिली. रागात नव्हती. बाजारात काय आणायचं विचारावं, तशा आवाजात तिनं विचारलं,

“कुठं बसू, सांग. अन् हे पुसायचं आहे का?”

पुसायला पदराचं टोक तिनं हातात धरलेलंच होतं.

काकूनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मी फोन खाली घेतला. “कुठंही बस ना, आई,” मी म्हटलं.

ती बसली नाही. मी खोलीत होतो तोवर ती पदर हातात धरून उभीच होती.

मी बाहेर आलो. गंधाली मागून आली आणि हळूच म्हणाली, “सर, म्हणजे त्या दिवशी...” मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ती रिक्षा करून निघून गेली. मी फाटकापाशी पोचलो, तेव्हा आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. त्यात आईचा आवाज वेगळा कळत होता. मी भिंतीजवळ बराच वेळ उभा होतो. सण रथसप्तमीचा, मी त्या घरातला लहानपणापासूनचा, आणि हातावर तिळगूळसुद्धा नाही. आत एवढ्या बायका होत्या, पण त्यातल्या एकीनंही मला ये, आत बस, असं म्हटलं नाही.